डांगराचे पाव

यीस्टला फेस आला होता आणि डांगर अजून अख्खंच होतं.

शिवकन्येनं सुरी उचलली, तशी तिच्या सासूनं, दगडाबाईंनी, तो लाल भोपळा ओढून मांडीवर घेतला. "ठेव ती. बाईनं अख्ख्या डांगराला सुरी लावायची न्हाई. थोरल्या लेकावर येतं. गड्यानं आधी चिरायचं, मग तुझं तू बघ."

"गडी कुठून आणू आत्या? तुमचा लेक मुकादमाकडं गेलाय. बाजाराचा दिवस, गल्लीत कुत्रं न्हाई."

"मग थांब."

"यीस्ट थांबत न्हाई ना!"

कोमट दुधातला गूळ खाऊन फुगलेला फेस मधोमध खचायला लागला होता. चारला लाइट जायची. त्यानंतर सुंदरराव येणार. आष्टीच्या एका मुलींच्या वसतिगृहाची मेस ते चालवायचे. मुली भोपळ्याची भाजी ताटातच ठेवतात. पावात घालून खाऊ घाल, रोजची ऑर्डर तुझी, असं ते म्हणाले होते. ऑर्डर मिळाली तर नवरा युवराज एकटाच कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला जाणार. नाही मिळाली तर मुकादमाच्या टोळीत नवराबायकोचा मिळून एक कोयता, हंगामभर ऊसतोडीला, आणि पोरगा अभिमन्यू आजीकडं. मागच्या हंगामातून ती परतली तेव्हा तो तिला पाहून दगडाबाईंच्या मागं लपला होता.

तिनं सासूच्या मांडीवरून डांगर उचललं, पाटावर ठेवलं, सुरी टेकवली. असलं काही नसतं, हे तिला कळत होतं. बारावीला सायन्स होतं तिचं. पण हाताला जोर येईना. तिला एकच लेक. थोरला तोच.

दगडाबाई बघत होत्या.

"दे इकडं."

"तुमी?"

"माझा थोरला गेला की. तुझा नवरा धाकला." त्यांनी सुरी घेतली. "जन्मात डांगर चिरलं न्हाई मी. तरी गेला. आता माझं काय नेतंय हे?"

त्यांनी सुरीवर सगळा भार टाकला. कट्कन आवाज होऊन डांगर उकललं. शिवकन्येनं फोडी करून उकडायला टाकल्या.

उकडलेला गर वाफाळत होता. तसाच ओतला असता तर यीस्ट मेलं असतं. शिवकन्येनं तो परातीत पसरला, दगडाबाईंनी सुपानं वारा घातला. बोट बुडवून चटका बसेना, तेव्हा कुठं तिनं मैदा भिजवला. पीठ फुगायला वेळ लावत होतं. ती दर घटकेला फडकं उचलून बघायची आणि दगडाबाई तिच्या हातावर चापट मारायच्या.

पाव ओव्हनमध्ये गेले, फुगले, आणि वरचा रंग धरायच्या आत लाइट गेली. चार वाजले नव्हते.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. सुंदरराव सरळ आत आले आणि त्यांनी ओव्हनच्या मुठीला हात घातला. "बघू तरी काय केलंय."

"हात लावू नका!"

"आगं, गिऱ्हाईक हाय मी."

"आत ऊब हाय अजून. दार उघडलं की पाव बसतील."

"आन न्हाईच भाजले तर?"

शिवकन्या ओव्हनच्या दारापुढं आडवी उभी राहिली. दगडाबाईंनी पाट सरकवला. "बसा की. पंगतीत जागा मिळंपर्यंत तासतास उभे ऱ्हाता, हितं काय झालं?"

सुंदरराव हसत टेकले. ओव्हन गप्प होता. वास मात्र येत होता, गोडसर.

शेवटी तिनंच दार उघडलं. पाव वरून फिकट होते. तिनं एकावर बोट दाबलं. खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. सुंदररावांनी पाव फाडला, पिवळाजर्द पदर ताणला गेला. एक खाल्ला. दुसरा उचलला.

"सोमवारपासून आण. पण रंग लागला पायजे, बरं का."

तिनं युवराजला फोन लावला.

"मुकादम समोरच हाय," तो म्हणाला. "काय सांगू?"

"तुमचं एकट्याचं नाव सांगा."

 तिकडं मुकादमाशी बोलताना त्याचा आवाज आला, "एकटाच हाय मी."