मास्तरांच्या खोलीतली धूळ

घराच्या पुढच्या खोलीत मास्तरांचं शिलाई मशीन होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडाचे. उभा जन्म कात्री चालवण्यात गेला म्हणून गल्लीनं दिलेली ही पदवी. आता गिऱ्हाईक तुरळक. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं. पण सकाळी चहाचा कप घेऊन तिथं जाऊन बसलं की आपण अजून कामावर आहोत असं मास्तरांना वाटायचं.

बायको मात्र त्या खोलीत येईनाशी झाली होती. तिला धाप लागायची. डॉक्टरांनी छाती तपासली, घरात काय काय आहे ते विचारलं आणि म्हणाले, कापडाचे बारीक तंतू हवेत तरंगतात, ते हिला सोसत नाहीत. तेव्हापासून ती उंबऱ्यापर्यंत यायची, पदर नाकाला लावून बोलायची आणि परत फिरायची.

मुलगी नोकरीवाली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिनं एकदा सरळ सांगितलं, "बाबा, मशीन विकून टाका. खोली धुऊन काढू. आईला मोकळा श्वास तरी घेता येईल."

तिचं चूक नव्हतं, हीच तर मास्तरांची पंचाईत होती.

मग मुलीनंच तोड काढली. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे बिनवायरीचा व्हॅक्यूम क्लीनर होता. "तो आणते. तुमच्या खोलीतली धूळ त्यानं ओढली तर आपण तसाच विकत घेऊ. नाही ओढली तर मात्र मशीन जाईल. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

संध्याकाळी ते यंत्र आलं. लांब दांडा, खाली चपटं तोंड, वर पारदर्शक डबा. मास्तरांनी हातात घेऊन तोलून पाहिलं. "हे काय, बंदूक आहे की झाडू?"

"बाबा, आधी जमिनीवरच्या टाचण्या उचला. आत गेल्या तर बिघडेल."

टाचण्या म्हटल्यावर मास्तरांनी खुंटीवरचं लोहचुंबक काढलं. त्याला दोरी बांधलेली होती. फरशीवरून ते ओढत नेलं की कपाटाखालच्या टाचण्यासुद्धा टुणकन उडी मारून चिकटत. हे काम बायकोचं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिचंच. दिवसभराचं शिवणकाम आटोपलं की ती चुंबक फिरवायची, मग स्टुलावर बसून टाचण्या सोडवून डबीत टाकायची. हात टाचण्यांत आणि तोंड चालू. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं ते त्या टाचण्या सोडवतानाच ठरलं. रुसवे तिथंच निघाले, आणि काही भांडणं पेटलीही तिथंच. मग ती झाडायला घ्यायची. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत फरशी निळ्या-पांढऱ्या चिंध्यांनी भरलेली, थंडी जवळ आली की करड्या लोकरीनं. नुसत्या केराकडे बघून ती महिना सांगायची. मास्तरांना तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. संध्याकाळ झाली की बायको बोलणारच, त्यात काय वाटायचं?

"कपाटाखाली राहिल्या," उंबऱ्यावरून बायको म्हणाली. "डाव्या पायाशी बघा."

मुलगी फोनवर बोलायला आत गेली. मास्तरांनी विचार केला, आपणच सुरुवात करावी. त्यांनी तांब्यात पाणी घेतलं आणि बोटांनी सबंध फरशीवर छान शिंपडलं. मग बटण दाबलं. यंत्र घोंघावलं, थोडं पुढं गेलं, चिडल्यासारखा आवाज काढू लागलं आणि बंदच पडलं. डब्यात ओल्या पिठासारखा करडा लगदा झाला होता.

मुलगी धावत आली. "बाबा! पाणी कुणी टाकलं?"

"झाडायच्या आधी शिंपडायचंच असतं. धूळ उडत नाही."

"अहो, हा झाडू आहे का!"

"मघाशी तेच विचारत होतो मी, तू बोलली नाहीस."

उंबऱ्यावर बायकोला हसू आवरेना. "त्यांना ओरडू नकोस गं. ते मीच शिकवलंय. चांगलं डोक्यात बसलंय, एवढंच."

डबा आणि आतली जाळी धुऊन खिडकीत वाळत घातली. जाळी पुरती वाळायला सबंध दिवस लागणार होता. मैत्रिणीला फोन करून मुदत वाढवून घेताना मुलीनं झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर काढलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी पुन्हा परीक्षा सुरू झाली. या वेळी यंत्र मुलीच्या हातात, फरशी कोरडी, आणि मास्तर हात मागं बांधून भिंतीशी. मुलीनं सगळ्यात जोराचं बटण दाबलं. खिडकीपासून सुरुवात झाली. फरशीच्या फटीतले, मशीनच्या पायडलखालचे, कपाटामागचे तंतू सुळकन आत जात होते. डबा भरला की ती बाहेर जाऊन रिकामा करून यायची. खिडकीकडची बाजू आरशासारखी झाली. आणि खोलीच्या मध्यावर येऊन यंत्रानं मान टाकली.

"बॅटरी संपली," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा पडला. "आता भरायला दुपार होईल. एवढीशी खोलीसुद्धा होत नाही, बाबा. नाही परवडायचं हे."

मास्तर काही बोलणार तोच बायकोनं उंबरा ओलांडला. पदर नाकाला होता. उघड्या दारातून ती भिंतीकडेनं सावकाश खिडकीपाशी गेली. पदर खाली घेतला, एक श्वास घेतला, थोडी थांबली, मग दुसरा घेतला. मास्तर तिच्या छातीकडे बघत राहिले. खोकला आला नाही.

"बरं आहे इथं," ती म्हणाली. "वारा येतो."

मास्तर तडक मशीनला भिडले. "धर गं त्या बाजूनं," मुलीला म्हणाले. दोघांनी मिळून ते जड धूड खिडकीकडे सरकवलं. मागोमाग स्टूलही आलं.

"कातरकाम मी बाहेर व्हरांड्यात करीन," मास्तर म्हणाले. "इथं फक्त शिवण. आणि असं यंत्र घेऊन रोज ही एवढी बाजू साफ, तेवढी बॅटरी पुरते."

"आणि उरलेली खोली?"

"दुपारी करू. नाहीतर उद्या. तिथं कुणाला बसायचंय?"

मुलीनं आईकडे बघितलं. आईनं स्टुलावर बसून मशीनवरचा कोट केव्हाच मांडीवर ओढला होता. मास्तरांनी शिवलेली काजं ती बोटानं चाचपत होती.

"हे काज वाकडं आहे," ती म्हणाली.

"कोट वाकडा आहे. काज सरळ आहे."

"वर्षभर कुणी बघायला नव्हतं, म्हणून हे असं. उसवते मी. दोरा द्या. सुई ओवून द्या, मला दिसत नाही."

"मला तरी कुठं दिसतंय?"

दोघांनी एकदमच मुलीकडे पाहिलं. तिनं बॅटरी संपलेलं यंत्र भिंतीला टेकवून ठेवलं, खाली स्वच्छ फरशीवर बसकण मारली आणि सुई उजेडाकडे धरली.