पाठीवरच्या लाटा

“दोरी माझ्या हातात आहे, टिटवे! उड, नाहीतर आपट!”

दादाचा हा आवाज तिला किती वर्षांनी आठवला, तोही भर वर्गात. लहानपणी दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं तो फिरवायचा. ती रंगात आली, हसू लागली, की हळूच वेग वाढवायचा. ती पडली की घरभर सांगत सुटायचा, “हिला उडीच मारता येत नाही!”

समोर सर बोलत होते. सुरुवातीच्या काळातला सिनेमा हा त्यांचा विषय. कालच्या कॉलेजच्या नृत्यप्रयोगात जुना प्रोजेक्टर त्यांनीच मूठ फिरवून हाताने चालवला होता; आज तो वर्गात मांडलेला होता.

“तेव्हा मूठ फिरवणाऱ्याच्या हातावर सगळं असायचं. हळू फिरवली की पडद्यावरची माणसं तरंगायची, जोरात फिरवली की धावत सुटायची. माझ्या हाताच्या वेगाने बाईंनी नाचायचं, असं ठरलं होतं. शेवटी त्यांची लय सुटली. चक्क खाली बसल्या! दुसरा प्रयोग त्यांच्याकडे ठेवायचा का, हे प्राचार्य आज ठरवतील. तुमची मतं मी कळवणार आहे. मोकळेपणाने बोला.”

बाई म्हणजे कॉलेजच्या नृत्यशिक्षिका. केस पिकलेल्या, पण चालताना जिना गुणगुणतोय असं वाटायला लावणाऱ्या.

“तंत्र एकदम भारी, सर.”

“बाईंचं वय झालं हो आता.”

“समुद्राला ओहोटी लागली!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग खिदळला.

तिला मात्र कालची ती पाठ दिसत होती. पांढऱ्या झग्यावर प्रोजेक्टरमधला समुद्र उमटला होता. बाई हलल्या की लाट हले, बाई वळल्या की लाट वळे. कोण कुणाला नाचवतंय, कळू नये. मग समुद्र पिसाळला. बाई धावल्या, धावल्या, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून खाली बसल्या. श्वासाने पाठ वरखाली होत होती आणि तिच्यावर लाटा फुटत होत्या, फुटत होत्या. लोक हसले होते. तिच्या अंगावर काटा आला होता.

ती उभी राहिली. शेजारच्या मैत्रिणीने ओढणी खेचली. “बस ना गं! पुढच्या प्रवेशासाठी सरांची शिफारस हवीय ना तुला?”

“सर, बाईंची लय नाही सुटली. तुम्ही वेग वाढवलात.”

“अगं, प्रयोग होता तो. मी यंत्र चालवत होतो, नाच त्यांचा होता.”

“मग आज मी चालवते. तुम्ही नाचू नका, लाटांच्या वेगाने नुसते चाला.”

“चाला, सर, चाला!” वर्गाने उचलून धरलं. सरही हौशी माणूस. बाह्या सरसावून भिंतीपुढे उभे राहिले.

तिने मूठ धरली. सरांच्या शर्टावर समुद्र आला. हळू फिरवली तेव्हा सर राजासारखे चालले, टाळ्या पडल्या. तिने वेग वाढवला. सर भरभर निघाले. अजून वाढवला. सर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळू लागले, चष्मा नाकावर घसरला, वर्ग हसून लोळायला आला. आणि तिच्या हाताला मजा येऊ लागली. अजून थोडं, अजून थोडं, असं हातच म्हणू लागला. ती दचकली, तरी हात थांबेना.

सरांनी धापा टाकत टेबल धरलं तेव्हाच तिचा हात थांबला.

“लय सुटली, सर?” तिची नजर खाली गेली नाही. “तुमची मूठ धरून बघितली मी. फिरवणाऱ्याला काही दमायला होत नाही. माझं मत हेच. शिफारस नका देऊ हवं तर, पण हे कळवा.”

हसू विरलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

“रंगीत तालमीला त्या म्हणाल्या होत्या मला,” ते हळूच म्हणाले. “गुडघा दुखतोय, शेवटी जरा सांभाळून घ्या. मी हो म्हणालो होतो. अगदी मनापासून म्हणालो होतो. मग टाळ्या पडायला लागल्या.”