दोन पायांचा बिबट्या

खिळेकाकांच्या बुटांच्या टपरीमागे टेकडीवर रान होतं. त्यात बिबट्या असता तर रान वाचलं असतं. अडचण एवढीच, की बिबट्या नव्हता.

तिथे गोदामं बांधायचा घाट घातला होता. सरकारी तपासनीस बाई येऊन बघणार, दुर्मिळ काही सापडलं तर ठीक, नाहीतर कुऱ्हाड. जंगल बचाव मंडळाची अध्यक्ष काकांची बायको आणि चिटणीस तिचा भाऊ. दर रविवारी ही भावंडं वीस माणसं घेऊन जायची आणि पालापाचोळा झाडून रान असं लख्ख करायची, की पाहुण्यांना चटई न घालता बसवावं. काकांच्या वाटणीला ओढ्याकडचा कोपरा होता. तिथे काका झाडू उभा करायचे आणि स्वतः आडवे व्हायचे.

मेहुण्यानं भर बैठकीत ऐकवलं, की भावजींच्या कोपऱ्यात पाचोळ्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, बाईंसमोर अब्रू जाणार. काकांनी ते या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. पण दहा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेली बायको आठ दिवस धड जेवत नव्हती. ते मात्र काकांना बघवेना.

मग त्यांनी जुन्या टायरचं रबर कापून बिबट्याचे पंजे बनवले, बुटांच्या तळव्यांना ठोकले आणि भर दुपारी ओढ्याच्या चिखलात ऐटीत फेरफटका मारून आले.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं ते ठसे बाईंना असे दाखवले, जणू बिबट्या त्यानंच पाळलाय. बाई वाकल्या. टेपनं मोजलं. पुन्हा मोजलं.

"तुमचा बिबट्या दोन पायांवर चालतो," त्या म्हणाल्या. "आणि मागे बुटाची टाच उमटवतो."

काकांनी सवयीप्रमाणे जोडच केला होता. एक डावा, एक उजवा.

वीस जणांनी काकांच्या पायांकडे बघितलं. बायकोनं बघितलं नाही, ती झाडांकडे बघत होती. बाईंनी वही मिटली.

काका पुढे झाले. "बाई, लबाडी माझी आहे. हिला काही ठाऊक नव्हतं. लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

बाईंचं लक्षच नव्हतं. कोपऱ्यातल्या कुजक्या पानांतून अंगठ्याएवढा बेडूक उडी मारून त्यांच्या बुटावर बसला होता. बाई तिथेच गुडघ्यांवर बसल्या आणि हातानं पानं उलटत राहिल्या. अकरा निघाले. हा बेडूक वर्षानुवर्षं न हललेल्या पाल्यातच जगतो, त्या म्हणाल्या, आणि आपण तो पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. हा कोपरा इतका जपून कोणी ठेवला?

मेहुण्यानं काकांकडे बोट केलं. "आमच्या भावजींनी," तो म्हणाला.

अहवाल आला. बिबट्या नाही, बेडूक आहे, रान राहील. अट एकच: मंडळानं तिथल्या पानालाही हात लावायचा नाही.

त्या रविवारी वीस माणसं रानाच्या कडेला हात बांधून उभी होती. काही न करणं कोणालाच जमेना. मेहुणा सारखा एखादं पान उचलायला वाकायचा आणि बहीण त्याला डोळ्यांनी दटावायची. तासाभरानं तो घामाघूम होऊन काकांशेजारी येऊन टेकला.

"भावजी," तो हळूच म्हणाला, "तुम्ही हे इतकी वर्षं कसं निभावलंत?"