मारुतीला किती?

परीट उतारावरची यशोदाबाई आत्या २००८च्या पुरात गेली. आता हे झालंच नाही असं धरून पुढे जाऊ. आळीही तसंच धरून चालते. कुणी विचारलं तर आत्या हरसूलला बहिणीकडे गेलीय.

परीट उतार ही पंचवटीतली आळी. वरच्या टोकाला सहादू न्हाव्याचं दुकान, खालच्या टोकाला गंगा. तिला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा, हे आळी लगेच ओळखते. पायथ्याशी दहा-बारा वर्षांच्या पोराएवढा उभा मारुती, आणि आळीचा सगळा इतिहास-भूगोल त्याच्या अंगावर. पाणी पायाला लागलं तर तो पूर नव्हे, गंगा नुसती चौकशी करून जाते. गुडघ्याला लागलं की भांडी माळ्यावर. कमरेला लागलं की माणसं सहादूच्या दुकानात. छातीला लागलं तर सगळ्यांनी काळारामाकडे पळायचं, सहादूनं कुलूप लावून मागून यायचं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते रिक्षावरचा भोंगा ओरडून सांगायचा, पण क्युसेक कुणाच्या अंगाला लागलेलं आळीनं पाहिलं नव्हतं. भोंगा पुढे गेला की लोक आत्याच्या दारात येऊन विचारत, "मारुतीला किती?" तिची खोली मारुतीसमोरच होती.

आत्याचा भाचा धनराज. आईबाप गेल्यावर तिनंच वाढवलेला. हारफुलांचं दुकान आणि आळीच्या मित्रमंडळाचं अध्यक्षपद सांभाळायचा. आत्याचे गुडघे धरले होते. शनिवारी तेल वाहायला वाकली की उठताना ती मारुतीचाच हात धरायची, आणि हे धनराजला बघवेना. २००३च्या सिंहस्थाआधी सगळीकडे रंगरंगोटी चालली होती, तेव्हा त्यानं मंडळाकडून मारुतीखाली कंबरभर उंच चौथरा बांधून घेतला. फरशी, नळीचा दिवा, धनराजच्या नावाची पाटी. आत्यानं उभ्यानं तेल वाहिलं आणि सगळ्या आळीत सांगत फिरली.

त्यानंतर गंगा शहाणी झाली. कितीही पाऊस पडो, मारुतीचे पाय कोरडे. बायका घोटाभर पाण्यात उभ्या राहून एकमेकींना सांगायच्या की औंदा पूर नाही. एका वर्षी कमळाबाईचा पाटा वाहून गेला, पण पूर नसल्यामुळे तो चोरीला गेला असं ठरलं. चौथऱ्यानं नदी शांत केली म्हणून मंडळानं सत्यनारायण घातला आणि धनराजला शाल-नारळ दिला. त्यानं तो घेतला.

मग ती सप्टेंबरची दुपार आली. पाणी मातकट, आणि आवाज नाही. सहादू नंतर सांगायचा की गंगा बोलत असली तर भ्यायचं कारण नसतं. भोंगा आज क्युसेकऐवजी नुसतं "निघा, निघा" म्हणत होता. धनराज दुकान टाकून उतार उतरला. पायथ्याशी पाणी त्याच्या कमरेला लागलं. आत्या जोत्यावरच्या खोलीत पलंगावर पाय वर घेऊन बसलेली, खाली तिच्या चपला तरंगत होत्या.

"धन्या, मारुतीला किती?"

लहानपणापासून या प्रश्नाला आळीत कुणी खोटं उत्तर दिलं नव्हतं. धनराजनं वळून पाहिलं आणि जे दिसलं ते सांगितलं.

"पायाला."

"मग कशाला बोंबलत आलास? पायाला कुणी घर सोडतं?"

तेव्हा कुठे त्यानं स्वतःच्या कमरेकडे पाहिलं. घाईघाईनं सांगू लागला की मारुती आपणच वर नेलाय, जुन्या जागी असता तर आता छातीला लागलं असतं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे देव खोटा आणि तू खरा?"

त्यानं दंडाला धरून ओढलं तर तिनं पलंगाचा गज धरला. गुडघेच चालत नव्हते, तिला उचलून न्यायला दुसरा माणूस हवा होता. तो सहादूला आणायला वर धावला. दोघं दोर घेऊन अर्ध्या उतारावर आले तेव्हा खोलीची समोरची भिंत नव्हती. पलंगही नव्हता. मारुतीच्या आता कुठे गुडघ्याला लागलं होतं, म्हणजे भांडी माळ्यावर टाकायची वेळ. भांडी आपली आपण निघून गेली होती.

आत्या सापडली नाही, म्हणून ती हरसूलला गेली. एकदा बसवलेल्या देवाला खाली उतरवणं अशुभ, असं मंडळानं एकमतानं ठरवलं. धनराजनं राजीनामा दिला. पूर झालाच नसल्यामुळे तो नामंजूर झाला. पाटीवरचं नाव त्यानं स्वतः छिन्नीनं खरवडलं, आणि मग एका कचेरीत अर्ज देऊन आला. खाली दिलाय तो पूर्ण:

"महोदय, मौजे परीट उतार येथील मारुतीची उंची पूर्ववत करण्यात यावी. ते शक्य नसल्यास गंगेस यापुढे नवीन चौथऱ्यापासून न मोजता जमिनीपासून मोजून चढण्याबाबत आणि तसे आळीस आगाऊ कळविण्याबाबत समज देण्यात यावी. तसेच मधल्या काळात चुकीच्या उंचीमुळे जागेवरून हललेली व्यक्ती मूळ जागी, पलंगासह, आणून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."