उभ्या गाडीचं इंजिन

रोज सकाळी चहाचा पेला हातात घेऊन मुकाश अंगणातल्या व्हॅनमध्ये जाऊन बसायचा आणि इंजिन सुरू करायचा. जायचं कुठेच नसायचं. तापमानाचा काटा खालच्या रेघेवरून जरासा हलला, समोरच्या काचेवरचं बर्फ सुटून ओघळू लागलं, की तो किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा, रिकामा पेला उचलायचा आणि घरात येऊन चुलीत शेणी सारायचा. हिवाळ्यात उभी राहिलेली डिझेल गाडी मरते, हे अतबाशीसारख्या डोंगरी गावात शेंबडं पोरही सांगेल.

व्हॅन उरमतची, त्याच्या मुलाची. उरमत रशियात बांधकामावर होता. जाताना म्हणाला होता, "आबा, हिला तेवढी जिवंत ठेवा. परत आलो की प्रवासी घेऊन बिश्केकच्या फेऱ्या मारतो, मग कुठे जायचं नाव नाही." त्याला आता तिसरा हिवाळा लागला होता. पहिल्या वसंतात मुकादमाने सोडलं नाही, दुसऱ्या वसंतात कागदपत्रं अडकली. या वेळी मात्र त्याने नौरोजचा, वसंतातल्या नववर्षाच्या सणाचा, वायदा केला होता. गाडी धड असली तर नौरोजला येतो, आणि येतो तो राहायलाच.

मुकाशची बायको मुलीची जुळी सांभाळायला बिश्केकला गेली होती. "पोरं चालायला लागली की येते," म्हणाली होती. पोरं आता शाळेत जात होती. त्यामुळे घरात आवाज करणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, चूल आणि गाडी.

त्या सकाळी गाडीने दगा दिला. स्टार्टर बराच वेळ नुसता घरघरला. मग इंजिन लागलं, पण लंगडत. कुणी आतून पत्रा ठोकावा तशी टकटक सुरू झाली, सगळी गाडी थरथरायला लागली आणि मागून पांढरा धूर निघाला. वाफ नव्हे ती. धूर डोळ्यांना झोंबत होता, आणि वास कच्च्या डिझेलचा होता. नौरोजला फार दिवस राहिले नव्हते.

रखडत, धूर सोडत तो गाडी बुरमाकानकडे घेऊन गेला. बुरमाकान पूर्वी सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये होती. इंधनपंप जुळवायच्या टेबलावर तिथे बायकाच बसत, त्यांचा हात हलका म्हणून. वर्कशॉप मोडलं तेव्हा लोकांनी छपराचे पत्रे नेले, खिडक्या नेल्या. बुरमाकानने तिचं टेबल नेलं. आता त्याच्याशेजारी नव्या इंजेक्टरांसाठी एक चिनी यंत्रही होतं आणि नारिन शहराहूनसुद्धा गाड्या तिच्याकडे यायच्या.

"या बाइके," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत, हात पुसत ती बाहेर आली. "खोकतंय कोण? गाडी की तुम्ही?"

"गाडी. मी ठणठणीत आहे."

"धूर तर दोघांचा निघतोय."

मुकाशने विडी विझवली. तिने बॉनेट उघडलं, क्षणभर कान देऊन ऐकलं आणि इंजिन बंद करायला लावलं. थोडं थांबून तिने तेलाची पट्टी ओढून काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. वरच्या खुणेच्याही वर तेल होतं.

"तेल कधी घातलंत?"

"पानगळीत बदललं होतं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला घालू?"

"मग हे वाढलं कुठून? इंजिन तेल खातं, बाइके. ते काही गाय नव्हे तेल द्यायला." तिने पट्टीवरचं तेल दोन बोटांत चोळलं आणि बोटं त्याच्या नाकापुढे धरली. "घ्या वास."

डिझेलचा वास होता.

ती आत वाकून किलोमीटरचा आकडा बघून आली. "गाडी जाते कुठे?"

"कुठे नाही. पेट्रोलपंपावर, बस."

"जाते कुठे नाही आणि डिझेल पिते?"

"रोज सकाळी चालू करतो ना. जागेवरच. काटा हलेपर्यंत."

"रोज?"

"एक दिवस चुकवला नाही," मुकाश म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

बुरमाकानने सिलिंडरांत डिझेल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सोडवल्या आणि चार सारख्या बाटल्यांमध्ये लावल्या. न लागलेलं थोडं डिझेल प्रत्येक इंजेक्टर मागे सोडतो. सगळे धड असले तर बाटल्या सारख्या भरतात. इंजिन पुन्हा सुरू झालं. दोन बाटल्यांचा जेमतेम तळ ओला झाला. उरलेल्या दोन्हींत धार लागली आणि बघता बघता त्या अर्ध्यावर आल्या.

"हे दोघं आतून गळतात," ती म्हणाली. "आणि तोंडं चौघांचीही बुजली असणार. काढल्यावर दिसेलच."

"कशाने पण? डिझेल मी चांगल्याच पंपावरचं भरतो."

"डिझेलचा दोष नाही." ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. "जागेवर चाललेलं इंजिन नीट तापतच नाही, बाइके. थंड सिलिंडरमध्ये डिझेल अर्धवट जळतं, त्याची काजळी नोझलच्या तोंडावर धरते. मग धुक्यासारखा फवारा उडायचा तिथे थेंब गळतात. थेंब काही जळत नाहीत. ते भिंतीवरून ओघळून खाली तेलात उतरतात. म्हणून तुमचं तेल वाढलं. असंच चालू ठेवलं असतंत तर एक दिवस सगळं इंजिनच बसलं असतं."

मुकाशने बाटल्यांकडे पाहिलं. "मी तर हिला जिवंत ठेवत होतो," तो म्हणाला.

"इथे सगळे हेच करतात," ती म्हणाली. "जुन्या ट्रॅक्टरला खपायचं ते. हिच्या नोझलची भोकं जेमतेम केसाएवढी. हिला खपत नाही. ठेवून जा. दोन नोझल बिश्केकहून मागवावी लागतील."

रविवारी ठरल्या वेळी उरमतचा फोन आला. मुकाशने दिवसभर शब्द जुळवून ठेवले होते. चूक आपली होती आणि ती सांगायलाच हवी होती. त्याने सांगितली. रोजचं जागेवर चालवणं, काजळी, तेलात उतरलेलं डिझेल. पोरगा भडकेल, निदान हळहळेल, म्हणून त्याने श्वास रोखून धरला.

"असू दे हो, आबा," उरमत म्हणाला. लगेच म्हणाला. "तुमची काय चूक? यंत्रच ते. मग... नौरोजचं आता जमणार नाही, नाही का? गाडी नसताना येऊन करणार काय मी तिथे?"

त्याचा आवाज हलका झाला होता. खांद्यावरचं पोतं खाली टाकल्यावर माणूस बोलतो तसा. मागे कुणी बाई त्याला रशियनमध्ये जेवायला हाक मारत होती, नेहमीच्या, घरच्या सुरात. मुकाशने ती कोण हे विचारलं नाही. उरमतनेही सांगितलं नाही.

"खर्च फार असेल तर राहू दे," उरमत म्हणाला. "उगाच माझ्यासाठी धडपडू नका."

"बरं," मुकाश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेला घेऊन सवयीने अंगणात आला. व्हॅनच्या जागी बर्फ नसलेला काळा चौकोन होता. चहा त्याने उभ्याउभ्याच संपवला. दिवस लांबच लांब होता, आणि बुरमाकानच्या शेडशिवाय त्याला जायला जागा नव्हती.

इंजेक्टर इंजिनात असे रुतून बसले होते की बुरमाकान त्यांना झिरपतं तेल पाजून, ठोकून, सैल करून ओढत होती. एकेकाला तिने जागेच्या क्रमाने ठेवलं होतं. त्यांची टोकं काळी, डांबर लावल्यासारखी. त्यातला एक तिने यंत्रावर चढवला, काचेच्या नळीत त्याची धार दाखवली. धार कुठली, नाक गळावं तसे थेंब होते. मग शेजारी साफ केलेला लावला आणि काचेत बारीक, सारखं धुकं भरलं.

"बघा! अशी शिंक आली पाहिजे."

मुकाश धुक्याकडे बघत राहिला. "बुरमाकान, समज, ही नीट झालीच नाही तर?"

"तर मी यंत्र विकून पिठाचे बोर्सोक तळायला बसेन." ती हसली. मग त्याच्याकडे बघून थांबली. "का हो? पोराला घाई आहे का?"

"नाही," मुकाश म्हणाला. "घाई कुणालाच नाही."

तिने त्याच्या पेल्यात अर्धाच चहा ओतला, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून, आणि कामाला लागली.

नोझल आली. चारी इंजेक्टर नव्या तांब्याच्या चकत्यांवर आपापल्या जागी बसले. तेल बदललं, फिल्टर बदलला. बाटल्या पुन्हा लावल्या तेव्हा चारही सारख्या, थेंबाथेंबाने भरल्या. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं आणि एका सुरात चालू राहिलं.

"आता ऐका," बुरमाकान म्हणाली. "अंगणात चालवायची नाही. आठवड्यातून एकदा किझिल-बेलचा घाट चढवायची, खालच्या गिअरमध्ये, पुरता जोर लावून. हिला ओझं पाहिजे. कामाशिवाय कुजेल पुन्हा."

"मी घाटात जाऊन करू काय?"

"वर जा आणि खाली या. नाहीतर प्रवासी घ्या. नारिनला जायला माणसं रोज रस्त्यावर कुडकुडत उभी असतात."

रविवारी त्याने गाडी काढली. जनावरांचा बाजार सुटला होता, मेंढ्या भरलेले ट्रक रस्त्याला लागले होते. वळणावळणाने घाट चढताना इंजिन सुरुवातीला दोनदा काळं ओकलं, मग मोकळं झालं. माथ्यावर आला तेव्हा काटा बरोबर मधोमध होता. इतक्या वर तो त्याने कधी पाहिलाच नव्हता. खाली अतबाशीचं खोरं पांढरं पडलं होतं आणि त्यातलं आपलं घर कुठलं, ते त्याला ओळखू येईना.

फोन वाजला. उरमत होता.

मुकाशने आधी इंजिन बंद केलं. ते पुरतं शांत झालं, तेव्हाच त्याने फोन उचलला आणि गाडीबाहेर आला.

"आबा, वारा कसला वाजतोय? कुठे आहात?"

"अंगणात."

"गाडीचं काय झालं मग?" उरमतने जरा चाचरतच विचारलं.

मुकाशला खरं सांगता आलं असतं. चारी बाटल्या सारख्या भरल्या, एवढंच सांगायचं होतं. मग पलीकडे शांतता पसरली असती, आणि पोराला दुसरं काहीतरी निमित्त शोधावं लागलं असतं, मुकादम किंवा कागद.

"नाही झाली रे," तो म्हणाला. "बुरमाकान म्हणते, इंजेक्टर कामातून गेलेत."

"अरेरे," उरमत म्हणाला, आणि त्याचा श्वास सुटलेला मुकाशला ऐकू आला. "जाऊ दे, आबा. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

आणि मग उरमत बोलायला लागला. कितीतरी दिवसांत तो असा बोलला नव्हता. त्यांच्याकडे बर्फ किती पडलं ते सांगितलं, नव्या इमारतीचा पाया खणताना निघालेलं पाणी सांगितलं, सोबतच्या ओशच्या पोराने सूप करपवल्याची गोष्ट सांगून स्वतःच हसला. मुकाश हो हो करत होता. कान बधिर झाला तसा त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. रिकामा हात त्याने बॉनेटवर ठेवला. पत्रा अजून गरम होता. त्याची ऊब हळूहळू उतरत गेली, पार गेली, तरी पोरगा बोलतच होता आणि मुकाशने त्याला थांबवलं नाही.