आधीचे सर

वडीगोद्रीहून आत वळलं की सहा किलोमीटरवर राजानंद सरांची शाळा. सर इंग्रजी शिकवायचे आणि पोरींना फुटबॉल. सोमवारी त्यांनी फळ्यावर 'सेंड ऑफ' लिहिलं आणि तीन अर्थ सांगितले : पत्र रवाना करणं, माणसाला निरोप देणं, आणि खेळाडूला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर घालवणं.

"मंग तो खेळाडू परत येतो का, सर?" टीमची कॅप्टन मोनिकानं विचारलं.

"त्या मॅचला तर बिलकुल न्हाई."

तास संपला आणि सरांच्या बदलीचा हुकूम आला.

सरांचा जीव पोरींच्या रविवारच्या फायनलमध्ये अडकलेला. चार वर्षं पोरींना घडवलं आणि ऐन वेळी हे. गाव मात्र हौशी. बुधवारी दणक्यात निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. सरपंच केशरबाई माईकवर हुंदके देऊन रडल्या. मुख्याध्यापक साहेबराव म्हणाले, "असा शिक्षक पुन्हा होणे नाही!"

गुरुवारी बदली रद्द झाली. शुक्रवारी सर सगळ्यांच्या आधी शाळेत हजर.

"तुम्ही तर गेल्ते ना?" साहेबराव म्हणाले.

"रद्द झाली बदली, सर! आता रविवारी मी बराबर मैदानावर."

साहेबरावांचा चेहरा उतरला. "अहो, सगळ्या गावासमोर म्हणलो मी, पुन्हा होणे नाही. तुम्ही पुन्हा झालात तर मी खोटा पडून राह्यलो ना!"

केशरबाईंना बोलावणं गेलं. त्यांचीही तीच अडचण. "माझं रडून झालं, सर. आता ते रडणं माघारी कसं घेऊ?"

सरांनी आशेनं दारात उभ्या मोनिकाकडं पाहिलं.

"नियम तुम्हीच सांगितला, सर," मोनिका म्हणाली.

शेवटी केशरबाईंनीच तोड काढली. "नवीन सर म्हणून रुजू व्हा. शाल घरून घेऊन या, जल्दी उरकू."

शनिवारी स्वागत समारंभ झाला. तीच शाल, तोच माईक. साहेबराव म्हणाले, "आधीच्या सरांची सर कुणालाच यायची नाही. पण नवीन माणूस आहे, सांभाळून घ्या." हे ऐकून सरांचेच डोळे भरून आले. आधीचे सर खरोखरच चांगले होते.

रविवारी सर मैदानाच्या कडेला उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडले. पोरी दोन-एकनं जिंकल्या. साहेबरावांनी माईक घेतला. "ही सगळी आधीच्या सरांची मेहनत. आज ते इथं पाहिजे होते." गर्दीतल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. सरांनीही मान खाली घातली.

"वाईट नका वाटून घेऊ," मोनिका हळूच म्हणाली. "एका दिवसात तुम्ही तरी काय शिकवणार?"

सोमवारी साहेबरावांनी त्यांना कामाला लावलं. "तुमचं अक्षर बरंय. आधीच्या सरांना अभिनंदनाचं पत्र लिहा."

सरांनी मन लावून लिहिलं. इतकी वर्षं असं कुणी लिहायला पाहिजे होतं, तसंच लिहिलं. पाकिटावर 'आधीचे सर' लिहून स्वतःच्या घराचा पत्ता घातला आणि टपालात टाकलं.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन भिवा दारात आला. सरांनी हात पुढं केला. भिवानं पाकीट मागं ओढलं.

"हे आधीच्या सरांचं हाये."

"ते इथंच राहतात, भिवा. आत बघ, त्यांचं घड्याळ हाये."

"मला शिकवता का? त्यांच्या निरोपाला मी स्वतः टाळ्या वाजवल्यात," भिवा म्हणाला, आणि पाकिटावर 'गाव सोडून गेले' असं लिहून ते माघारी घेऊन गेला.