टपावरची सायकल

गोपाळकृष्ण वकिलांनी मोटारीच्या दारात उभे राहून टपावरचा कॅरियर दोन्ही हातांनी गदागदा हलवला. मोटार हलली, कॅरियर हलला नाही. मग त्यांनी चामड्याचे पट्टे एकदा ओढून पाहिले आणि समाधानाने खाली उतरले. पौषातली सकाळ होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"बाई, सायकलची चिंता करू नका. जिथं थकाल तिथं हाक मारा. लगेच वर चढवतो."

ताराबाई अंगठ्याने चाकातली हवा दाबून पाहत होत्या. नेहमीची पाचवारी सोडून आज त्या नऊवारीत आल्या होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

ताराबाई अमरावतीत मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. भातकुलीकडच्या मुली सातवी झाली की घरी बसत. शाळेला वसतिगृह नव्हते आणि एस. टी.ची वेळ जुळत नव्हती. या मुलींना सायकलने येऊ द्यावे, असे बाईंनी शाळेच्या समितीपुढे मांडले तेव्हा अध्यक्ष भगवंतराव हसले होते. पोरींना हे झेपायचे नाही, रस्त्यात कुठे पडल्या-झडल्या तर जबाबदार कोण, असे म्हणून त्यांनी विषय गुंडाळत आणला आणि जाता जाता बोलून गेले, "तुम्हीच एका दिवसात अकोल्याला जाऊन दाखवा बाई, मग पाहू." बाईंनी तेही "बरं" म्हणूनच ऐकून घेतले. तेव्हा मात्र भगवंतरावांना अट घालावी लागली. समितीचे चिटणीस म्हणून वकिलांनी मोटार घेऊन मागे राहायचे. बाई थकल्या की सायकल मोटारीवर घालून त्यांना घरी आणायचे. सायकल वर चढली की विषय संपला.

वकिलांनी कॅरियर मोठ्या हौसेने निवडला होता. मिस्त्रीचे म्हणणे, टपाला भोके पाडून नटबोल्टने आवळू, जन्मात हलायचा नाही. पण नव्या मोटारीच्या टपाला भोके पाडायची कल्पना वकिलांना सोसेना. मग टपाच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी जी पन्हळ असते, तिच्यात चिमट्यांनी बसणारा कॅरियर ठरला. रंग खरचटू नये म्हणून पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे लावले. बिछाने ठेवण्याच्या साध्या कॅरियरवर सायकल घसरते, म्हणून आडव्या पट्ट्यांवर लाकडी खाचा बसवून घेतल्या. सायकल उलटी करून हँडल आणि सीट त्या खाचांत ठेवायची, वरून पट्टे आवळायचे. कारकुनाची सायकल चढवून वकिलांनी कॅम्पातून चकरासुद्धा मारून पाहिल्या होत्या.

बडनेऱ्याच्या आतच हा खटाटोप कामी येणार, असा त्यांचा अंदाज होता.

बडनेरा मागे पडले. बाई काही थांबल्या नाहीत. सायकलच्या वेगाने चालवून मोटारीचे इंजिन तापू लागले, तेव्हा वकिलांना निराळी तऱ्हा काढावी लागली. बाभळीखाली मोटार उभी करायची, बाई दूर ठिपक्याएवढ्या झाल्या की निघायचे आणि त्यांना गाठायचे. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती. समोरून वारा होता. बाई वेग वाढवत नव्हत्या, कमीही करत नव्हत्या. चढ आला की किंचित पुढे झुकायच्या, आणि चढ सरला की पुन्हा ताठ व्हायच्या, जणू वर्गात फळ्यापुढे उभ्या आहेत. एका चढावर त्या माथ्याला पोचल्या तेव्हा वकिलांनी मोठा श्वास सोडला. इतका वेळ आपणही दम धरून बसलो होतो, हे त्यांना तेव्हा कळले.

कुरूमच्या पुढे एका वळणावर बाई सायकल टाकून पळताना दिसल्या.

कापसाने भरलेली बैलबंडी कलंडून रस्त्याच्या कडेला पडली होती. कापूस नालीत सांडला होता. एक बैल जुवाखाली अडकून धडपडत होता आणि एक माणूस त्याला सोडवता सोडवता ओरडत होता. बाजूला त्याची बायको बसली होती. पायावरून चाक गेले होते. लुगडे रक्ताने भिजले होते.

"जमुने, हलू नको वं!" तो माणूस ओरडला आणि वकिलांकडे वळला. "साहेब, मी पुंजाजी, माना गावचा. हिले दवाखान्यात न्या जी! या बैलाले सोडून मी कसा येऊ? गळफास बसून मरते तो!"

ताराबाईंनी आपल्या पिशवीतला पंचा काढून फाडला आणि जमुनेच्या पायाला गुडघ्याखाली घट्ट बांधू लागल्या. वकील क्षणभर नुसते उभे राहिले. मग रस्त्यावर आडवी पडलेली सायकल त्यांना दिसली. ती तशी सोडून कशी जायची? त्यांनी ती उचलली, उलटी करून खाचांत ठेवली, पट्टे आवळले. हात सराईतपणे चालले. आवळता आवळता मनात कुठेतरी सुटल्यासारखेही वाटले, झाले एकदाचे. त्यांनी खाली पाहिले तर बाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. मग बाईंनी पुन्हा मान खाली घातली आणि गाठ मारली.

मूर्तिजापूरपर्यंत ताराबाई मागच्या सीटवर जमुनेचा पाय मांडीवर उचलून धरून बसल्या होत्या. जखमेवरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही. वकिलांना आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. जमुना विव्हळू लागली की त्या विचारत, "पोरं किती तुले? नावं सांग बरं त्यांची." जमुना नावे सांगे, चुके, पुन्हा सांगे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला. हाड मोडले होते, पण पाय वाचेल म्हणाले. रक्त वेळेवर थांबवले ते बरे झाले. थोड्या वेळाने पुंजाजी एका ट्रकमधून येऊन पोचला. बैल सुटला होता, बंडीपाशी गावचा माणूस बसवला होता. तो बाईंपुढे हात जोडून उभा राहिला.

बाहेर नळावर ताराबाईंनी हात धुतले. लुगड्यावरचे डाग निघण्यासारखे नव्हते. वकील कॅरियरजवळ उभे होते.

"सायकल उतरवतो," ते म्हणाले. "इथून पुढं चला. मधल्या रस्त्याचं मी धरत नाही. जखमी माणसासाठी मोटारीत बसलात, थकून नाही."

"उतरवू नका," ताराबाई म्हणाल्या. "मला परत तिथं सोडता का?"

"कुठं?"

"बंडी पडली होती तिथं."

"काहून बाई? कोण विचारून राहिलं? भगवंतरावांना सांगणारे तिथं तुम्ही न् मी, दोघंच होतो."

"तेवढा रस्ता राहिला नं माझा."

एवढे बोलून त्या मोटारीत जाऊन बसल्या. वकिलांनी मोटार अमरावतीच्या दिशेने वळवली. उन्हे डोक्यावर आली होती. वळणावर बंडी अजून तशीच होती आणि राखणीला बसलेला माणूस कापूस गोळा करत होता. वकिलांनी पट्टे सोडले, सायकल खाली घेतली, आणि कधी नव्हे ते बाई बसेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

दिवस कलायच्या सुमारास त्या अकोल्यात शिरल्या. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात भगवंतराव आगगाडीने येऊन बसले होते. बाईंच्या लुगड्यावरचे डाग पाहून ते उठूनच उभे राहिले.

"पडलात? मोटारीत बसावं लागलं का?"

"हो," ताराबाई म्हणाल्या. "सायकल वर चढली होती."

भगवंतरावांनी वकिलांकडे पाहिले. वकिलांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"चढवली मी," ते म्हणाले. "आणि जिथं चढवली तिथंच मागं नेऊन उतरवली. बाईंच्या म्हणण्यावरून. मी तर मूर्तिजापुरावरूनच पुढं चला म्हणत होतो." मग त्यांनी जमुनेची सारी हकिकत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज कोर्टात चढतो तसा चढला.

भगवंतराव खुर्ची बाईंकडे सरकवत म्हणाले, "बसा. जूनपासून येऊ द्या पोरींना सायकलीनं. पण एकटीदुकटी नको, जथ्यानं." आणि आत वळून पाणी मागवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिघे मोटारीने परत निघाले. सायकल टपावर होती. ताराबाई मागच्या सीटवर बसल्या आणि अकोला सुटायच्या आतच त्यांना झोप लागली. खड्डा आला की वकील मोटार जवळजवळ थांबवत. वाटेत गाई आडव्या आल्या तरी त्यांनी भोंगा वाजवला नाही. भगवंतराव एकदा म्हणाले, "वाजवा की." वकिलांनी नुसते ओठांवर बोट ठेवले.

बडनेऱ्याला रेल्वेचे फाटक बंद होते. मोटारीमागे ट्रक आणि बंड्यांची रांग लागली. शेजारी सायकल धरून उभ्या असलेल्या एका माणसाने आधी टपाकडे पाहिले, मग काचेतून झोपलेल्या बाईंकडे. वकिलांना तो ओळखत होता, आणि बाई सायकलने अकोल्याला निघाल्याचेही त्याच्या कानावर आले होते.

"काय वकीलसाहेब," तो हसून म्हणाला, "थकल्या वाटते बाई? शेवटी मोटारीतूनच आणाव्या लागल्या."

आगगाडी धडधडत निघून गेली. फाटकवाला दांड्याकडे चालू लागला. वकिलांनी इंजिन बंद केले, दार अलगद उघडून खाली उतरले आणि त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेले.

"इकडे ये. नीट ऐक," ते म्हणाले.

फाटक उघडले. ट्रकवाल्याने भोंगा दाबला, त्याच्या मागच्याने दाबला, गाडीवान ओरडू लागले. वकिलांचे सांगणे तेव्हा कुठे कुरूमच्या वळणापर्यंत आले होते.